हिल्काची भाजलेली गिटार

हिल्का तान्स्कानेन स्वतःच्या कामाची स्तुती स्वतःच करते, आणि तीही चारचौघांत. आमच्या नुर्मेसमध्ये असं सहसा कुणी करत नाही. इथे एखाद्याने तलावातून हातभर लांब मासा काढला तरी तो म्हणतो, लागला आपला एक. हिल्का मात्र सहकारी दुकानाच्या रांगेत, टोपलीत दूध आणि राय धान्याचा काळा पाव घेऊन, पुढच्या माणसाला सांगते की या जिल्ह्यात तिच्यासारखी बाकं कुणाला जमत नाहीत, आणि तिच्या किमतीत तिच्यासारखी गिटार तर देशभर शोधून मिळणार नाही. पुढचा माणूस काहीतरी पुटपुटतो आणि च्युइंगगमच्या पाकिटांकडे बघत राहतो.

बाकं म्हणजे सौनातली, तापलेल्या दगडांवर पाणी टाकून घाम काढायच्या खोलीतली बाकं. हिल्काच्या वडिलांचा तोच धंदा होता, तिचाही तोच आहे. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी उघड्या अंगाने तान्स्कानेनांच्या लाकडावर बसून घाम गाळला आहे, असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. माझ्या आईच्या घरी तिच्या वडिलांनी केलेलं बाक होतं. आमच्या घरी तिने केलेलं आहे. त्याची कड इतकी गुळगुळीत की माझी मुलगी केर्तू लहान असताना मी तिला निर्धास्त तिथे बसवायची, आणि निर्धास्त हा शब्द मी सहज वापरत नाही.

ती वापरते ते लाकूड लेप्पाच्या झाडाचं. मोठ्या भट्टीत वाफेवर दोनशे अंशांच्या आसपास भाजलेलं. भाजलं की ते मधासारखं गडद होतं, हलकं होतं, आणि नंतर हवा दमट असो की कोरडी, फारसं फुगत नाही आणि आकसत नाही. सौनाला असंच लाकूड हवं. बाकं कापून उरलेले तुकडे हिल्काच्या कारखान्यात भिंतीला लावून ठेवलेले असायचे. वडील ते शेगडीत घालत. हिल्काला ते जमेना. एवढं चांगलं लाकूड, एकदा भाजलेलं, पुन्हा कशाला जाळायचं, असं तिला वाटायचं.

आता तिच्या चौदाव्या वर्षाकडे जायला हवं. त्या वर्षी तिने टपालाने एक इलेक्ट्रिक गिटार मागवली होती. सगळा उन्हाळा स्ट्रॉबेरीच्या शेतात वाकून तिने ती मिळवली होती. गिटार आली नोव्हेंबरात, लाल आणि चकचकीत. डिसेंबरात घरातली शेगडी अखंड पेटली, हवा सुकली, आणि गिटारची दांडी आकसली. लाकूड आकसलं तरी त्यावर ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या थोड्याच आकसतात. त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली. हात वरखाली सरकवला की बोटांची कड सोलून निघायची. शिवाय तारा लाकडापासून इतक्या उंच की त्या दाबता दाबता मनगट भरून यायचं. हिल्काला वाटलं आपलेच हात या कामाचे नाहीत. वसंतात तिने ती गिटार पलंगाखाली सारली आणि पुन्हा कधी वाजवली नाही.

हे ती हसत सांगते. पण एकदा कॉफी ओतता ओतता ती मला म्हणाली, "महागडी गिटार वाईट निघाली तर लोक दुकानदाराशी भांडतात. स्वस्त गिटार वाईट निघाली की पोर स्वतःलाच दोष देतं आणि गप्प बसतं. मला त्याचा राग येतो."

पन्नाशी उलटल्यावर तिने पलंगाखालची ती लाल गिटार काढली आणि स्क्रू सोडवून टेबलावर पसरली. आत फार काही नव्हतं. चार स्क्रूंनी बसवलेली दांडी, तारांखाली चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची केसासारखी तार, दोन बटणं. तिला वाटलं, एवढंच असेल तर आपल्याला येईल. मग आलं नाही. पहिली गिटार दारासारखी जड झाली. दुसरी फ्रीजसारखी गुणगुणायची, कुणी वाजवत नसलं तरीही. तिसरीच्या पट्ट्या अर्ध्या केसाने चुकल्या होत्या आणि वर जाल तसा सूर बिघडत जायचा. हिल्का ती घेऊन संगीतशाळेत शिकवणाऱ्या एरो मालिनेनकडे गेली. एरोने वाजवून पाहिली आणि म्हणाला, हिच्यावर बसता येईल. लोकांनी ते उचललं. पुढे काही वर्षं दुकानात कुणी ना कुणी विचारायचंच.

"हिल्का, हिच्यावर पाणी टाकायचं की वाजवायची?"

"तुझी बोटं बघता तू पाणीच टाक."

पण ती करत राहिली. गुंडाळी करायला तिने शिवणयंत्राची मोटर लावली. दांडीसाठी भाजलेलं बर्च घेतलं, कारण तेही शेगडीच्या हवेत हलत नाही. आणि सगळ्यात शेवटी, गिटार पूर्ण झाली की ती एक पायमोजा घेते, बायकांचा नायलॉनचा पातळ पायमोजा, आणि तो मुठीत धरून दांडीच्या दोन्ही कडांवरून खालपासून वरपर्यंत ओढते. कुठेही धागा अडकला की पुन्हा कानस. तिच्या कारखान्यात फाटक्या पायमोज्यांची एक बादली आहे. नवा माणूस आला की आधी त्या बादलीकडेच बघतो.

किंमत तिने ठरवली चार हिवाळी टायरांएवढी. इथे बर्फात गाडी चालवायला हे टायर प्रत्येकाला घ्यावेच लागतात, म्हणजे तेवढी रक्कम प्रत्येक घरातून कशी ना कशी निघते, असा तिचा विचार. लोकांनी समजावलं की हेलसिंकीत लोक याचे चौपट देतील. ती म्हणाली, हेलसिंकीतल्यांनी इथे येऊन टायरांच्या भावात न्यावी.

केर्तू आता पंधरा वर्षांची. तिला गिटार हवी होती तेव्हा मी योएन्सूच्या दुकानातून नाव असलेली, खोक्यात बंद, हमीपत्र असलेली आणायच्या विचारात होते. मला हमीपत्रं आवडतात. हिल्काने रांगेत ते ऐकलं.

"पोरगी नाव वाजवणार आहे का?" ती म्हणाली. "ये उद्या. आधी हात लावू दे तिला."

केर्तूने हात लावला आणि संपलंच. ती तासभर कारखान्यातल्या स्टुलावरून उठली नाही. मी मधेच विचारलं की जानेवारीत हिचं काय होतं, सुकत नाही ना, तडकत नाही ना. हिल्काने गिटारच्या पोटावर थाप मारली आणि तिचं नेहमीचं वाक्य म्हटलं, जे अख्ख्या गावाला पाठ होतं. हे लाकूड दोनशे अंशांत भाजून निघालंय, तुमच्या सौनाला ते काय घाबरणार.

केर्तूने हे ऐकलं. त्या वयाची मुलं त्यांनी जे ऐकावं असं आपल्याला वाटतं ते सोडून बाकी सगळं नीट ऐकतात.

गेल्या हिवाळ्यात संगीतशाळेने ठरवलं की मुलांना घरी न्यायला देण्यासाठी आठ इलेक्ट्रिक गिटारी घ्यायच्या. ज्यांच्या घरी गिटार घेणं जमणार नाही, त्यांच्यासाठी. निवड एरोची होती आणि फेब्रुवारीअखेर त्याला सांगायचं होतं. त्याच्यासमोर दोनच पर्याय होते, एका कारखान्याच्या बऱ्यापैकी गिटारी आणि हिल्काच्या. हिल्काच्या दोन-तीन तो वर्षभर वाजवत होता आणि त्याला त्या आवडत होत्या. बाकावर बसण्याचा विनोद त्याने केव्हाच सोडून दिला होता.

हिल्काला हे काम किती हवं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि ती सांगत नाही याचाच मला धसका बसला. जी बाई आपल्या रंध्याच्या पात्याचंही कौतुक ऐकवते, ती या विषयावर गप्प. एकदाच बोलली. म्हणाली, या गावात ज्या पोराला पहिल्यांदा गिटार हातात घ्यायचीय त्याच्या हातात चांगली पडेल. बस.

आता पिन्या. पिन्या केर्तूच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. ही मुलं पिन्याच्या अंगणातल्या सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत सराव करतात. इथे बहुतेक बँड तिथेच वाजतात. घरापासून लांब असते, ऊबदार असते, आणि आईबापांना ऐकू येत नाही. मला त्या खोलीतल्या प्लगची आणि ओल्या फरशीची सदैव काळजी. मी जाऊन दोन्ही पाहून आले होते. त्यापुढच्या, गरम खोलीच्या दाराची काळजी करायची हे मात्र मला सुचलं नाही.

जानेवारीच्या शेवटी केर्तूच्या डाव्या हाताच्या बोटांवर फोड आले. तिने सांगितलं, शेगडीच्या दाराला हात लागला. मी मलम लावलं आणि शेगडीजवळ जाड हातमोजा टांगून ठेवला. फोड आडवे, बारीक, चारही बोटांच्या टोकांवर एकाच रेषेत होते. शेगडीच्या दाराला असा हात कसा लागेल हा विचार माझ्या मनात आला होता. तो मी बाजूला सारला, कारण मला त्याहून वाईट काहीतरी सुचत होतं.

त्याच आठवड्यात दुकानात हिल्का माझ्या पुढे उभी होती आणि काही बोलत नव्हती. मी विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, "केर्तूची गिटार वाकलीय ना. एरोने फोन केला होता. थंडीने वाकली असं पोरीने सांगितलं म्हणे. मी म्हटलं माझी गिटार थंडीने वाकत नाही. तो म्हणाला, हिल्का, माझ्या हातात आहे, वाकलीय." मग तिने गल्ल्याच्या सरकत्या पट्ट्यावर दूध ठेवलं. "घरी न्यायला देणार, तर अशा देता येणार नाहीत म्हणाला. बरोबर आहे त्याचं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी घरी आले, केर्तूच्या खोलीत गेले आणि म्हटलं, हात दाखव.

तिने सगळं सांगितलं, तेही एकदम, जसं ती लहानपणी ओकायची तसं. पिन्या म्हणाली होती की तुझी गिटार म्हणजे बाकाचा तुकडा. केर्तूने हिल्काचं वाक्य म्हणून दाखवलं. पिन्या म्हणाली, बघू. सौना तापलेलाच होता. केर्तूने गिटार उचलली, आत गेली आणि सगळ्यात तापणाऱ्या वरच्या बाकावर बसून एक अख्खं गाणं वाजवलं. विजेची तार लावलेली नव्हती, हे मी तीनदा विचारून घेतलं. तारा तापायला लागल्या तरी ती थांबली नाही, कारण पिन्या दाराशी उभी राहून बघत होती. दोन दिवसांनी संगीतशाळेतल्या तासाला गिटार सुरात येईना. एरोने ती ठेवून घेतली आणि विचारलं तेव्हा जे आधी तोंडात आलं ते ती बोलली.

मला आधी काय वाटलं हे सांगायला नको. नंतर मला आठवलं की हिल्का आज पाव न घेता नुसतं दूध घेऊन गेली.

आम्ही दोघी लगेच निघालो. रस्ता घसरडा होता, केर्तू पुढे चालत होती, मी तिला बाजूने चाल म्हणत होते आणि ती चालत नव्हती. वाटेत संगीतशाळेतून गिटार घेतली. हिल्का कारखान्यात एका बाकाच्या पायांना रंधा मारत होती. केर्तूने गिटारची पेटी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं की थंडीने नाही, मी सौनात नेली होती, आणि मी खोटं बोलले.

हिल्काने रंधा खाली ठेवला.

"कुठल्या बाकावर?"

"वरच्या."

"वरच्या," हिल्का म्हणाली. "किती तापला होता?"

"पंच्याऐंशीच्या आसपास. मग थोडा जास्त. पिन्याने दोनदा पाणी टाकलं."

"आणि वाजली कशी?"

केर्तू गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं. "आधी चांगली वाजली," ती म्हणाली. "खरंच. शेवटी शेवटी बिघडली."

हिल्काने पेटी उघडली. तारा सैल केल्या, स्क्रू काढले, दांडी वेगळी केली. पोटावर पोलादी पट्टी आडवी ठेवली, मग उभी, मग तिरकी, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पट्टीखालून बघितलं. मग केर्तूला बोलावून तिलाही बघायला लावलं. पट्टीखालून उजेड कुठेच येत नव्हता. लाकूड केसभरही हललं नव्हतं. दांडीचं बर्चही सरळ होतं. पण त्या दांडीवर चिकटवलेली, जिच्यात पट्ट्या ठोकतात ती वरची पातळ फळी, तिचा सरस उष्णतेने मऊ होऊन तारांच्या ताणाने घसरला होता आणि एका टोकाला फट पडली होती. चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या गुंडाळ्यांमध्ये भरलेलं मेण वितळून खाचेत ओघळलं होतं आणि तिथे थिजलं होतं, ढिगाऱ्यासारखं.

हिल्काने ते मेण नखाने खरवडून पाहिलं. मला वाटलं आता ओरडणार, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं.

"लाकडाचं मी खरं बोलले होते," ती म्हणाली. "पण मी लाकूड म्हणत होते आणि थोपटत होते गिटार. सगळ्या गावासमोर. तीस लोकांनी ऐकलं असेल, आणि विश्वास ठेवला एकट्या या पोरीने."

"खोटं ती बोलली," मी म्हटलं.

"ते तिचं ती निस्तरेल. हे माझं आहे."

दोघी दुसऱ्या दिवशी एरोकडे गेल्या. मी बाहेर गाडीत थांबले, कारण केर्तूने मला आत यायला मनाई केली होती. नंतर एरोकडूनच कळलं की केर्तूने आधी आपलं सांगितलं, अगदी नीट, आणि मग हिल्काने आपलं. एरो रागावला नाही. पण तो म्हणाला, यामुळे माझा प्रश्न सुटत नाही. या मुलांच्या गिटारी सौनाच्या खोलीतच राहतात. शेगडीला टेकून राहतात. आज केर्तूने नेली, उद्या दुसरं कुणी सहज आत ठेवून विसरेल. मी नेऊ नका म्हणून सांगेन आणि ते नेतील, मला ते माहीत आहे, कारण मी त्यांच्या वयाचा असताना सौनात अकॉर्डियन नेला होता. कारखान्याची गिटारही तिथे टिकणार नाही, पण ती मोडली तर मी नवी मागवेन आणि कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. तुझी मोडली तर मला दुकानात रोज तुझ्यासमोर उभं राहावं लागेल.

हिल्काने विचारलं, फेब्रुवारीऐवजी मार्च चालेल का. एरो म्हणाला, मार्चच्या मध्यापर्यंत थांबवून धरतो.

मग हिल्काच्या कारखान्यात बाकांचं काम बंद झालं. गावात हे पहिल्यांदाच घडत होतं. सरसाचं उत्तर तिला तलावाकाठी मिळालं. पिएलिनेन तलावावर लाकडी होड्या बांधणारा एक म्हातारा आहे, तो पूर्वी दोन भाग मिसळून करायचा तपकिरी सरस वापरायचा, जो उकळत्या पाण्यातही सुटत नाही. वास इतका घाण की हिल्काच्या मांजराने घर सोडलं. भाजलेल्या लाकडात त्याची तपकिरी रेघ दिसतही नाही. मेणाच्या जागी तिने मोटरींच्या गुंडाळ्यांना देतात ते वार्निश वापरलं आणि प्रत्येक गुंडाळी त्यात बुडवून भट्टीत पक्की केली. मग आपल्या सौनात ठेवून पाहिली. सरस टिकला, गुंडाळी टिकली, आणि प्लास्टिकची बटणं मऊ होऊन सुकलेल्या बोरांसारखी झाली. तिने बटणं बर्चची केली. पुन्हा ठेवली. या वेळी तारा धरणारी वरची हाडासारखी पट्टी सुटली. तीही बदलली.

मी तिच्याकडे अधूनमधून वेलदोड्याचे पाव घेऊन जायची. ती खायची आणि बोलायची नाही. मला त्या दिवसांत वाटायचं की हिला हे जमलं नाही तर त्याचं ओझं माझ्या मुलीवर राहील, आणि ही बाई ते कधी बोलूनही दाखवणार नाही. केर्तू शाळेतून आली की मी तिचा चेहरा वाचायची. पिन्याशी तिचं बोलणं बंद होतं, मग सुरू झालं, आणि एके दिवशी पिन्या स्वतः हिल्काकडे जाऊन म्हणाली की पाणी मी टाकलं होतं. हिल्काने तिला विचारलं, किती टाकलंस, लहान पळी की मोठी.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी हिल्काने एरोला आपल्या घरच्या सौनावर बोलावलं. बर्फावर ऊन इतकं होतं की डोळे उघडवत नव्हते. एरो कपडे बदलायच्या खोलीत कॉफीचा कप घेऊन बसला. आत आम्ही तिघी, आणि वरच्या बाकावर केर्तूची तीच गिटार, नव्याने जुळवलेली, तारा पूर्ण ताणलेल्या, टॉवेलवर आडवी. हिल्का तिच्या शेजारी बसली, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी. केर्तू मधल्या बाकावर. मी खाली, दाराजवळ.

सौनात फारसं बोलत नाहीत. एरो मात्र थोड्या थोड्या वेळाने दारापलीकडून विचारायचा किती झाले आणि हिल्का तापमापक बघून सांगायची. ऐंशी. पंच्याऐंशी. मग तिने पाणी टाकलं, मोठ्या पळीने. वाफ छताला जाऊन आमच्या मानेवर उतरली. गिटारवर थेंब जमले. मी हिल्काकडे पाहिलं. तिची नजर दगडांवर होती आणि ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. तिने दुसरी पळी टाकली. केर्तू हळूच म्हणाली, आम्ही याहून कमी टाकलं होतं. हिल्का म्हणाली, "ठाऊक आहे." आणि तिसरी टाकली.

केर्तूपेक्षा आम्ही बराच जास्त वेळ बसलो. मला घेरी येईल असं वाटायला लागलं तेव्हा हिल्काने लोकरीचे हातमोजे घातले, गिटार उचलली आणि बाहेर नेऊन एरोच्या शेजारी टॉवेलवर ठेवली. आम्ही टॉवेल गुंडाळून आळीपाळीने बर्फात जाऊन गार होऊन आलो, अंग पुसलं, कपडे चढवले. गिटार आपोआप गार होईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं हिल्काने बजावलं. आम्ही पिराक्का, म्हणजे भात भरलेले चपटे पाव, अंडं कुस्करून कालवलेल्या लोण्याबरोबर खाल्ले. एरोने तीनदा गिटारकडे हात नेला आणि तीनदा हिल्काने त्याच्या मनगटावर चापट मारली.

मग तिने पोलादी पट्टी आणली आणि एरोच्या हातात दिली. स्वतः बघितलं नाही. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. एरोने पट्टी पोटावर ठेवली, दांडीवर ठेवली, खालून वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जोडावर नख फिरवलं. मग गिटार केर्तूला दिली.

दोन तारा किंचित उतरल्या होत्या. केर्तूने त्या चढवल्या. तिच्या बोटांवरचे फोड केव्हाच भरले होते, तिथे आता जाड कातडी आली होती. तिने विजेची तार जोडली, छोट्या स्पीकरचं बटण दाबलं, आणि वाजवायला लागली. खालपासून वरपर्यंत, प्रत्येक घर. मला संगीतातलं फार कळत नाही. पण आपल्या मुलीचे खांदे केव्हा सैल होतात ते मला कळतं.

तिचं झाल्यावर एरोने गिटार मागून घेतली, स्वतः थोडी वाजवली, आणि म्हणाला, "माझ्या दिवाणखान्यातली याहून बेसूर आहे."

"तुझ्या दिवाणखान्यातली मी केलेली नाही," हिल्का खिडकीकडूनच म्हणाली. आवाज नेहमीचा होता. बऱ्याच दिवसांनी ऐकला.

"आठही तुझ्याच घेऊ," एरो म्हणाला. "किमतीचं काय? एवढा नवा सरस, वार्निश, वेळ."

"टायर महागले का या वर्षी?"

"नाही."

"मग किंमतही तीच."

त्यानंतर ती आमच्याकडे वळली. तिचा चेहरा लाल होता. सौनाने असेल. तिने एरोला सांगितलं की प्रत्येक पोराला गिटार देताना ती स्वतः हजर राहणार, आणि प्रत्येकाला बजावणार की ही सौनात न्यायची नाही. एरो हसायला लागला. म्हणाला, मग आत्ता हे सगळं कशासाठी केलंस?

"नेणार आहेत म्हणून," हिल्का म्हणाली.

गिटारी ऑगस्टपर्यंत हव्या होत्या. एरोने विचारलं, बाकांची कामं अडली आहेत म्हणे, चर्चच्या शिबिराच्या सौनाची तर सगळी बाकं बाकी आहेत, त्यांना काय सांगणार. हिल्काने त्याच्या हातातून गिटार घेतली, खिशातून पायमोजा काढला आणि दांडीच्या कडेवरून सावकाश ओढत वर नेला.

"सांग त्यांना, यंदा उभं राहून घाम गाळा," ती म्हणाली.